हवेला पदवी कळत नाही

स्मरणिकेसाठी डॉक्टरांनी आहार, व्यायाम किंवा मधुमेह यांवर लिहावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. यंदा ती बाजूला ठेवून मी एका छंदाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. खऱ्या ग्लायडरची प्रमाणबद्ध प्रतिकृती स्वतःच्या हातांनी बांधावयाची आणि जमिनीवर उभे राहून रेडिओ-नियंत्रणाने ती उडवावयाची, असा हा छंद. आपल्या व्यवसायातील एका जुन्या दुखण्यावर तो उतारा ठरू शकतो, असे माझे मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान. महाराष्ट्रात त्याची ओळख आहे ती मुख्यतः पुण्याजवळच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रामुळे. भारतातच आराखडा तयार झालेले 'रोहिणी' हे लाकडी ग्लायडर १९६१ साली प्रथम उडाले. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. मी तिचीच प्रतिकृती करावयास घेतली. मूळ रोहिणीच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेसोळा मीटर. अष्टमांश मापात तो दोन मीटरांहून किंचित अधिक भरतो. माप आठव्या हिश्श्यावर आणले की पंखाचे क्षेत्रफळ ६४ पटींनी आणि घनफळ ५१२ पटींनी कमी होते. हवा मात्र तीच राहते. म्हणून मुळाबरहुकूम केलेला पंख लहान मापात तितका कार्यक्षम ठरत नाही. त्याचा छेद थोडा बदलावा लागतो, शेपटीही किंचित मोठी करावी लागते. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र मला येथे नव्याने उमगले.

बाल्सा लाकडाच्या पातळ फासळ्या कापणे, त्या आराखड्यावर टाचण्यांनी रोवून चिकटविणे, त्यांवर प्लास्टिकचे पातळ आवरण इस्त्रीने ताणून बसविणे, यांत माझ्या संध्याकाळी आणि रविवार गेले. शेवटी नाकात शिशाचे वजन घालून गुरुत्वमध्य साधावयाचा. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एकचतुर्थांश ते एकतृतीयांश अंतरावर यावा लागतो. थोडा मागे सरकला, तरी विमान हाताबाहेर जाते.

आता मूळ मुद्दा. दादरा गावाबाहेर, भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतात, मालकाच्या परवानगीने आम्ही उड्डाण करीत असू. एकदा पंखातील एक लहान मोटर बदलून मी विमान आणले होते. सोबतच्या शाळकरी पुतण्याने विचारले, "काका, पंखांच्या झडपा तपासल्यात ना?" मी म्हणालो, "हो रे, हलताहेत की!" हलत होत्या, पण उलट्या दिशेने. नियंत्रकाची दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर उठावयास हवी. माझी खाली जात होती. रबरी दोरीने वर चढलेले विमान डावीकडे कलले, मी ते सावरण्यासाठी दांडी उजवीकडे नेली, ते आणखी डावीकडे कलले. मी जितका जोराने उपाय करीत गेलो, तितका अपाय वाढत गेला. काही क्षणांत सात महिन्यांचे काम भाताच्या खुंटांत विखुरले. पुतण्या काहीच बोलला नाही. ते अधिक लागले.

त्या रात्री मला आठवले ते शस्त्रक्रियागृह. तेथेही सिस्टर विचारीत, "सर, बाजू पाहिली ना?" आणि मान वर न करता मी "हो" म्हणत असे. तपासणी-सूचीवरच्या खुणा पुष्कळदा शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकदमच केल्या जात. सुदैवाने माझ्या हातून कोणाची बाजू चुकली नाही. पण ते सुदैव होते, दक्षता नव्हे, हे मला एका मोडलेल्या पंखाने सांगितले.

ही सूची आपल्याकडे आली तीच मुळी विमानविद्येची वाट दाखवून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीचे नवे बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक निष्णात होता. सुकाणूंचे कुलूप काढावयाचे तेवढे राहून गेले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी सूची आली. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सूची २००८ साली प्रसृत केली. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्युप्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

कोणी म्हणेल, सूची पाळावयास ग्लायडर कशाला हवा? नको, हे खरे. परंतु रुग्णालयात आपली चूक सहसा तत्काळ दिसत नाही, दिसली तरी तिची किंमत दुसरा मोजतो आणि आपल्या नावामागची पदवी तिच्यावर पांघरूण घालते. हवेला पदवी कळत नाही. ती चूक क्षणात उघड करते आणि दंड म्हणून केवळ लाकूड मोडते. इतक्या स्वस्तात नम्रता शिकविणारी दुसरी शाळा मला ठाऊक नाही. बाजारात मिळणारे तयार ड्रोन हे काम करीत नाही. त्याचा तोल यंत्रच सांभाळते, आणि मोडले तर नेमके काय मोडले हे आपल्याला उमगत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी सभासद व मुले यांची एकत्र कार्यशाळा भरवावी. प्रारंभ हाताने सोडावयाच्या बाल्साच्या साध्या ग्लायडरने व्हावा. रेडिओ-नियंत्रणाकडे वळताना २०२१ ची ड्रोन नियमावली वाचावी, डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी आणि वजन दोन किलोच्या आत राखावे. वस्तीवरून व माणसांवरून कधीही उडवू नये.

आणि एक नियम आपला आपण करावा. उड्डाणापूर्वीची सूची उपस्थितांपैकी सर्वांत लहान मुलाने मोठ्याने वाचावी आणि उत्तर पटले नाही तर "थांबा" म्हणण्याचा अधिकार त्याला असावा. तो ज्येष्ठांनी निमूट मानावा. ही सवय मैदानावर अंगवळणी पडली, तर सोमवारी सकाळी शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ सिस्टरचा प्रश्न ऐकताना आपली मान आपोआप वर होईल. माझी रोहिणी मी पुन्हा बांधली आहे. आता झडपांची दिशा पुतण्या पाहतो. मी फक्त उत्तर देतो.