ऑफर लेटर आलं म्हणजे नोकरी लागली का? कडाव-कर्जतच्या नव्या इंजिनिअरांनी आणि भरती करणाऱ्यांनी काय तपासायला हवं?

कॅम्पसमध्ये निवड झाली की कॉलेजच्या बॅनरवर फोटो लागतो, घरी पेढे येतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू होतात. पण निवड, ऑफर लेटर, नेमणूकपत्र आणि कायम नोकरी या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एका पायरीवरून दुसरीवर जाताना पाय घसरू शकतो, हे गेल्या काही वर्षांत अनेक फ्रेशर्सनी अनुभवलं आहे.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावसारख्या गावात याची किंमत जास्त मोजावी लागते. इथल्या मुलांसमोर साधारण दोन वाटा असतात. एक खोपोली, खालापूर, रसायनीच्या कारखान्यांची. दुसरी नवी मुंबई, पुणे, बंगळुरूच्या आयटी कंपन्यांची. एका वाटेवरच्या ऑफरसाठी थांबायचं म्हणजे दुसरीकडची संधी सोडायची. त्यात शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ते थांबत नाहीत.

इन्फोसिस प्रकरणात काय झालं होतं?

2022 मध्ये कॅम्पसमधून निवडलेल्या सुमारे 2,000 जणांना इन्फोसिसमध्ये रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांचं म्हैसूरला प्रशिक्षण सुरू झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या 300 हून अधिक जणांना काढण्यात आलं. अंतर्गत परीक्षा पास होण्यासाठी तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली.

त्यानंतर आलेल्या बातम्यांनुसार, कर्नाटकच्या कामगार विभागाला यात कायद्याचा भंग आढळला नाही. कारण काय? काढलेले सगळे प्रशिक्षणार्थी होते, नियमित कर्मचारी नव्हते. म्हणजे सगळा फरक एका शब्दानं पडला, आणि तो शब्द त्यांनी सही केलेल्या कागदावर होता.

त्याआधी फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असं विचारलं होतं. म्हणजे ऑफर लेटरमधला आकडाही रुजू होण्याआधी बदलू शकतो.

नवा कायदा काय सांगतो?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या तीन गोष्टी नोकरी शोधणाऱ्यानं लक्षात ठेवाव्यात.

पहिली, प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. दुसरी, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. तिसरी, राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही मिळते.

पण हे सगळं ‘कर्मचारी’ असलेल्यांसाठी आहे. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी मानला जातो, कामगार नाही.

ट्रेनी, अप्रेंटिस, ठेकेदाराचा माणूस की कंपनीचा?

खोपोली-रसायनी पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. शिकण्यासाठी ही चांगली संधी आहे. मोठ्या मशिनवर हात बसतो, सर्टिफिकेट मिळतं. मात्र करारात लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर कंपनी नोकरी देईलच असं धरून चालू नये.

दुसरा फरक रोलचा. गेटवर पाटी मोठ्या कंपनीची असते, पण नेमणूकपत्र आणि पगार ठेकेदाराकडून येतो. असं काम घेऊच नये असं नाही. पण पीएफ कोण भरणार, अनुभवाचा दाखला कोणाच्या लेटरहेडवर मिळणार आणि ठेका बदलला तर काय होणार, हे आधी विचारायला हवं.

‘परमनंट’ हा शब्दही कायमचा नसतो. रसायनीतल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचे तिथले प्रकल्प बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं मे 2017 मध्ये घेतला. त्यामुळे कंपनीच्या नावाइतकंच तिथे काय शिकायला मिळेल, हेही पाहायला हवं.

पॅकेज साडेतीन लाख, हातात किती?

वर्षाला 3.5 लाख म्हणजे महिन्याला 29,167 रुपये. पण पॅकेजमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. मूळ वेतन निम्मं धरलं, तर दोन्ही बाजूंचा पीएफ मिळून साधारण 3,500, ग्रॅच्युइटीचे 700 आणि व्यवसाय कर 200 रुपये. उरले 24,700 च्या आसपास. 10 टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल तर हातात 22,000 रुपयेच येतात.

यातूनच नवी मुंबई किंवा पुण्यातली खोली, मेस आणि प्रवास भागवायचा. कर्जतहून रोज जा-ये करायची तर सीएसएमटीपर्यंतचं अंतर 100 किलोमीटर आहे, आणि कडावहून स्टेशनला पोचणं वेगळंच. त्यामुळे खोपोलीतली 20,000 ची नोकरी कधीकधी शहरातल्या 25,000 पेक्षा परवडते. उलट, शहरात दोन वर्षांत पगार दुप्पट होण्यासारखं काम असेल तर सुरुवातीची ओढाताण सोसण्यात अर्थ आहे.

बाँडवर सही करावी का?

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं रील्समध्ये सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नवीन भरतीसाठी सरकारी बँकेला मोठी आणि खर्चिक प्रक्रिया करावी लागते, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता. याचा अर्थ कोणतीही रक्कम चालते असा नाही. ती वाजवी असावी लागते. पण सही करताना ‘कोण विचारतंय’ असं समजू नये.

आणि रुजू होण्याआधी ‘डिपॉझिट’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागितली, तर तिथेच थांबावं.

भरती करणाऱ्यांचं काय?

ऑफर स्वीकारूनही मुलं येत नाहीत, अशी एचआरची तक्रार असते. ती खोटी नाही. पण रुजू होण्याची तारीख कळत नसेल, तर उमेदवार दोन-तीन ऑफर हातात ठेवणारच.

यावर उपाय सोपे आहेत. तारीख ठरलेली नसेल तर तसं स्पष्ट लिहावं आणि उशीर झाला तर महिन्याला एक मेल तरी पाठवावा. हातात येणारा पगार ऑफर लेटरमध्येच द्यावा. परीक्षा पास होणं बंधनकारक असेल तर तिचा अभ्यासक्रम आणि नापास झाल्यास काय होईल, हे सहीच्या आधी सांगावं. कारखान्यांनी शिफ्ट आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते, हेही सांगावं. रात्रीची पाळी सुटल्यावर कडावला कसं पोचायचं, हे न कळल्यानं चांगला उमेदवार हातचा जाऊ शकतो.

सहीआधी विचारायचे पाच प्रश्न

1. माझं पद काय: कर्मचारी, ट्रेनी की अप्रेंटिस?
2. मी कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या?
3. रुजू होण्याची तारीख लेखी मिळेल का?
4. दरमहा खात्यात किती जमा होतील?
5. परीक्षेत नापास झालो किंवा लवकर सोडलं तर काय?

हे प्रश्न मेलवर विचारावेत, म्हणजे उत्तर लेखी राहतं. चांगल्या कंपनीला त्याचा राग येत नाही. आणि रुजू होऊन पहिला पगार खात्यात पडेपर्यंत दुसरीकडचे अर्ज बंद करू नयेत.