ऑटोमॅटिक गिअर बॉक्स : मिस्त्रींनी घाबरू नये, शिकावे

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील गॅरेजांत आता क्लचचे पॅडल नसलेल्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. एके काळी ऑटोमॅटिक गाडी म्हणजे बड्या लोकांची चैन समजली जात असे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ ही लहान गाडी ऑटोमॅटिक गिअरसह बाजारात आणली आणि ही सोय मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. परंतु अशी गाडी बिघडली की, ‘हे आपले काम नाही, नागपूरला न्या,’ असे सांगून मोकळे होण्याची सवय वाढते आहे. हे योग्य नाही आणि परवडणारेही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत अधिक आढळतात, त्यांत मोटार दुरुस्तीचा उल्लेख आहे. म्हणजेच या धंद्यात जो बदल होईल त्याची झळ आपल्या घरांना आधी बसणार. म्हणून हे यंत्र आहे तरी काय, ते आधी समजून घेतले पाहिजे.

लहान गाड्यांत जो प्रकार येतो त्याला ए.एम.टी. म्हणतात. यात नवीन फार थोडे आहे. तीच क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तेच गिअर. फरक एवढाच की क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांची जागा तेलाच्या दाबावर किंवा विजेच्या मोटरवर चालणाऱ्या यंत्राने घेतली आहे आणि त्या यंत्राला हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर बसविला आहे. ज्या उस्तादाने शेकडो क्लच प्लेटा बदलल्या, त्याने या गाडीला का भ्यावे?

दुसरा प्रकार मात्र मुळातच वेगळा आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ साली मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलेली ही ऑटोमॅटिक पद्धत पुढे सुधारत गेली. यात इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मध्ये पायाने दाबायची क्लच प्लेट नसते. तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला तर त्याच्या हवेने दुसराही फिरू लागतो. इथे हवेऐवजी तेल आहे. एक पंखा इंजिन फिरवते, तेलाच्या झोताने दुसरा फिरतो आणि मधला स्टेटर परतणारे तेल वळवून गाडी उठताना जोर वाढवितो. पुढे सन, प्लॅनेट आणि रिंग अशा गिअरांचे संच असतात. त्यांतील एक भाग धरून ठेवला आणि दुसरा फिरविला की गिअर बदलतो. धरण्या-सोडण्याचे काम आतल्या क्लचा तेलाच्या दाबाने करतात.

हे तेल कोणत्या वाटेने जावे, हे जुन्या गाड्यांत गव्हर्नर आणि थ्रॉटलची केबल ठरवीत असे. आता ते कॉम्प्युटर ठरवितो. अॅक्सिलेटर किती दाबला, गाडी किती वेगात आहे, इंजिन किती फिरते, तेल किती तापले, ही खबर सेन्सर त्याला देतात. तो हिशेब करून सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज देतो किंवा बंद करतो आणि तेलाची वाट बदलते. सारे गूढ एवढेच आहे.

आता व्यवहाराकडे वळू. समजा, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जामजवळ एखादी गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. ‘गिअर बॉक्स गेला’ असे सांगून तो उतरविण्याची घाई पुष्कळ जण करतात. वास्तविक खबर चुकली किंवा तुटली की कॉम्प्युटर मुद्दाम गाडी एका गिअरमध्ये ठेवतो, म्हणजे आतले नुकसान टळते आणि गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत येते. कारण बॅटरी उतरणे, अर्थिंग सैल होणे किंवा सेन्सरची वायर तुटणे इतके किरकोळही असू शकते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी बॅटरी, वायरिंग, तेल आणि कोड तपासावा. स्कॅनरवर ‘पी ०७००’ दिसले तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरच्या कॉम्प्युटरने काही दोष नोंदविला आहे; तो कोणता, ते पुढचे कोड सांगतील. कोड हा घराचा पत्ता आहे, दार आपल्यालाच ठोठवावे लागते.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही. तिची चालती चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंपही बंद असतो आणि गिअर कोरडे फिरून जळतात. ए.एम.टी.ची क्लच प्लेट बदलल्यावर नवा क्लच कोठे पकडतो, हे स्कॅनरने कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावे लागते. हे राहिले, तर उत्तम बसविलेली प्लेटही झटके देते आणि बदनामी मिस्त्रीची होते.

‘कंपनी माहितीच देत नाही’ ही तक्रार खोटी नाही. सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आपली मागणी रास्त आहे हे त्यातून दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले; त्यात मोटारींचाही समावेश केला. परंतु हक्क मागणाऱ्याने त्याचा उपयोग करण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

साधा स्कॅनर काही हजारांत मिळतो, पण गिअरचे काम करणारा चांगला स्कॅनर एकट्याच्या खिशाला जड जातो. चार-पाच गॅरेजवाल्यांनी भागीदारीत एक घेतला तर? एखाद्या शिकलेल्या मुलाला त्यावर बसवावे. तो कोड वाचील, उस्ताद दोष शोधील. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनीही ज्या त्या गिअर बॉक्सचे नेमके तेल ठेवावे. चुकीचे तेल विकले तर एक गिऱ्हाईक जाते आणि दहांना सांगते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हाताच्या कामातूनच शिक्षण द्यावे आणि काम करणाऱ्याला त्यामागचे कारणही कळावे, हा त्या योजनेचा गाभा होता. आपल्या गॅरेजांत हात आहे, त्याला कारणाची जोड हवी. उद्या विजेच्या गाड्या वाढतील. त्यांत बदलायचे गिअरच बहुधा नसतात, पण सेन्सर, वायरिंग आणि कॉम्प्युटर असतातच. आज जो हे शिकेल, त्याला उद्या पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागणार नाही.