डोंगर कोणाच्या सातबाऱ्यावर?

आमच्या नंदुरबारच्या सातपुड्यात कोळसा नाही. धडगावपासून तोरणमाळपर्यंत कुठेही खणा, लाव्हाच्या थरांचा काळा पाषाणच लागेल. कोळसा तिकडे वर्धेच्या खोऱ्यात, चंद्रपूर-यवतमाळकडे. म्हणून वनहक्क समितीच्या बैठकीत मी अमेरिकेतल्या डोंगर उडवणाऱ्या कोळसा खाणींची गोष्ट काढली, तेव्हा एका कारभाऱ्याने सरळच विचारले, "गुरुजी, त्याचं आपल्याला काय?"

प्रश्न रास्त होता. नोकरी संपून आता बरीच वर्षे झाली, पण कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायची मास्तरकीची खोड जात नाही.

वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीत आधी डोंगरावरचे जंगल तोडतात, मग सुरुंग लावून माथाच उडवतात. कोळशाचा थर उघडा पडला की तो उचलायचा आणि फोडलेली दगड-माती शेजारच्या दरीत लोटून द्यायची. दरीतला ओढा त्याखाली कायमचा गाडला जातो. असे पाचशेहून अधिक डोंगर गेले आणि सुमारे ३,००० किलोमीटरचे ओढे बुजले. केफोर्डच्या डोंगरावर लॅरी गिब्सन नावाचा माणूस आपली जागा न विकता २०१२ साली मरेपर्यंत अडून राहिला. त्याच्या पूर्वजांच्या कबरी वर राहिल्या आणि भोवतालचे डोंगर त्यांच्याहून ठेंगणे झाले.

मला मात्र त्या गोष्टीतला कागद महत्त्वाचा वाटतो. तिथल्या शेतकऱ्यांच्या आजे-पणज्यांनी शंभर वर्षांपूर्वी जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कवडीमोलाने लिहून दिले होते. वरची जमीन शेतकऱ्याची, खालचा कोळसा कंपनीचा. पुढे यंत्रे आली आणि कंपनी म्हणाली, खालचे काढायचे तर वरचे मोडावेच लागेल. १९६५ मध्ये ऑली कोम्ब्स नावाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरसमोर बसली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेले. केंटकीच्या मतदारांनी राज्यघटना बदलून असल्या कागदांना लगाम घातला, तो १९८८ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत किती डोंगर गेले असतील!

आता आपला सातबारा काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ म्हणते की खनिजावर मालकी सरकारची. म्हणजे आपल्याकडे आजोबाने अंगठाही उठवायला नको, कागद तयारच आहे. आणि आमचे बहुतेक डोंगर तर सातबाऱ्यावरही नाहीत, ते वनखात्याच्या नकाशात कक्ष क्रमांक म्हणून पडून आहेत. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी जीपीएस घेऊन आम्ही शीव मोजत फिरलो, तेव्हा म्हातारी माणसे प्रत्येक नाल्याला, प्रत्येक देवाच्या दगडाला नावाने ओळखत होती. कोणत्या झऱ्याला होळीनंतरही पाणी राहते, हे पाणी वाहणाऱ्या बायांना तोंडपाठ. नकाशात यातले एकही नाव नव्हते.

न विचारता निर्णय झाला की काय होते, हे नंदुरबारला कोणी शिकवायला नको. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात आमच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्यातल्या मणिबेलीच्या लोकांनी पाणी दाराशी आले तरी घर सोडले नाही. १९९३ मध्ये प्रकल्पाला कर्ज देणारी जागतिक बँक त्यातून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी ४४ देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नाव दिले मणिबेलीचे. नाव जगभर गेले आणि गाव पाण्यात गेले.

ओडिशात मात्र आधी विचारले गेले. नियमगिरीचा डोंगर बॉक्साइटसाठी फोडायचा होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध लोकांनी नकार दिला. डोंगर अजून उभा आहे. गडचिरोलीत एटापल्लीजवळ सुरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा. तिथे लोहखनिजाची खाण वाढवायची होती, तर जनसुनावणी झाली दूर गडचिरोली शहरात. तो डोंगर रोज कमी होतो आहे. चंद्रपूरला पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि ताडोब्यालगतची लोहाऱ्याची कोळसा खाण २००९ साली बारगळली. आनंदच आहे, पण तिथे कामी आला तो वाघ. आमच्याकडे वाघ कुठून आणायचा?

कायद्याची गंमत पाहा. पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात खडी-मुरुमासारख्या गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर ग्रामसभेची शिफारस आधी लागते. कोळसा किंवा लोखंड काढायचे असेल तर ही अट नाही. गाव दोन ट्रक मुरूम अडवू शकते, अख्खा डोंगर नाही. वनजमीन असेल तर ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राने २००९ मध्ये ठरवले होते. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनंतर केंद्राच्या अंतिम मंजुरीसाठी ती अट उरली नाही, वनहक्क पाहायचे काम मागाहून राज्यावर टाकले. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार.

"खाणीने पोरांना काम मिळतं" हा मुद्दा मी टाळणार नाही. आमची पोरे दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. गावाजवळ काम मिळाले तर कोणाला नको? सुरजागडला स्थानिकांना कामे मिळाली, हेही खरे. पण डोंगर उडवायच्या पद्धतीला मुळात माणसे कमीच लागतात. वेस्ट व्हर्जिनियात १९५० च्या सुमारास सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते, २००० साली वीस हजारही उरले नव्हते. डोंगर गेला आणि कामही गेले.

म्हणून त्या कारभाऱ्याला मी एवढेच सांगितले की सातपुड्यात कोळसा नसला तरी दगड आहे, रस्ते रुंद होत आहेत आणि खडीला भाव आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या प्रत्येक पाड्याला माझी एक विनंती आहे. पाड्याची वेगळी ग्रामसभा जाहीर झाली नसेल तर २०१४ च्या पेसा नियमांखाली ठराव करून प्रांताकडे द्या. सामूहिक वनहक्काचा दावा अडला असेल तर पोच घेऊन पाठपुरावा करा. आणि येत्या ग्रामसभेत इतिवृत्ताच्या वहीत आपल्या शिवेतल्या प्रत्येक डोंगराचे, झऱ्याचे आणि देवस्थानाचे नाव लिहून त्याखाली सह्या-अंगठे घ्या. खाणीचा अर्ज येण्याआधी हे कागद तयार हवेत.