कोकमाची साल आणि औषधाला न जुमानणारा जंतू

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत परसात नाहीतर वाडीच्या बांधावर रातांब्याचे झाड दिसते. फळे उतरवायची, सालीची आमसुले वाळवायची, एवढाच आपला हिशेब. पाऊस लवकर आला की अर्धा माल झाडाखालीच कुजतो. या झाडाकडे प्रयोगशाळांचे लक्ष कशामुळे गेले, हे शेतकरी बंधूंनी समजून घ्यायला हवे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आपल्या ओळखीचाच. गळू पिकते, जखम चिघळते, गाईला दगडी होते, त्यामागे पुष्कळदा हाच असतो. पेनिसिलीनला तो सरावला. मग मेथिसिलीन आले, तर १९६१ साली इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. आज ते आपल्याकडच्या रुग्णालयांतही आढळतात.

कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. १९९६ साली जपानी संशोधकांनी कोकमाच्या कुळातील अशी द्रव्ये या हट्टी जंतूवर तपासली. कमीत कमी किती मात्रेत जंतूची वाढ थांबते, हे अशा चाचणीत मोजतात. निकाल आशादायक निघाला.

पण काचेच्या बशीत जंतू थांबला म्हणजे औषध झाले असे नव्हे. ते द्रव्य जखमेपर्यंत पोचते का, शरीराला बाधते का, हे प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासावे लागते. शिवाय गार्सिनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही. तेव्हा आगळ पिऊन गळू बरे होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

मग गावाने करायचे काय? पहिले, डॉक्टरांनी दिलेला डोस अर्धवट सोडू नका. दगडीवरची इंजेक्शने पशुवैद्याला विचारूनच द्या, आणि ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीत घालू नका. अर्धवट आणि मनमानी औषधानेच जंतू शिरजोर होतात.

दुसरे काम ग्रामपंचायतीचे. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने जुने लेखी पुरावे पुढे केले, म्हणून १९९७ साली ते रद्द झाले. तोंडी माहितीला तिथे किंमत नव्हती. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ग्रामसेवकांनी ती उघडून पाहावी. आपल्या रातांब्याचे आणि त्याच्या घरगुती उपयोगांचे पान त्यात आहे का? नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून ते आताच लिहून घ्यावे.