वजन उतरले, पण पोट अडले!

(एक विद्यार्थिनी, बी. एस्सी. द्वितीय वर्ष)

विषय वाचून नाक मुरडू नका. वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून दे, असे मराठी विभागाच्या सरांनी सांगितले तेव्हा पहिला पाऊस, आईची माया, अविस्मरणीय सहल असे नेहमीचे विषय माझ्याही मनात येऊन गेले. पण गेल्या वर्षी जो प्रसंग माझ्यावर ओढवला तो आणखी कितीजणींवर ओढवत असेल, हा विचार काही केल्या जाईना. सरांना विषय सांगताना माझी मान खाली होती. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिही, पण हातचे राखून लिहू नकोस." म्हणून हे धाडस.

तर विषय आहे बद्धकोष्ठाचा, म्हणजेच मलावरोधाचा. कन्नड विभागात लिहिणारी माझी खोलीतली मैत्रीण त्याला 'मलबद्धते' म्हणते. शब्द दोन्ही भाषांत आहे, मात्र तो मोठ्याने उच्चारायची तयारी दोन्हीकडे नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ६८ किलो होते. तेव्हा वजन कमी करायचे ठरवले यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही. चुकली ती रीत. मोबाईलवर फिरत आलेला एक आहारतक्ता मी वेदवाक्य मानला. सकाळी बिनदुधाची कॉफी, दुपारी दोन अंड्यांतले पांढरे आणि काकडीच्या चार फोडी, रात्री वाटीभर दही. भाकरी बंद, भात बंद, उसळ बंद. तेल-तूप तर विषच! त्यात कॉलेजच्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून पाणीही मी मोजून पीत होते. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

पाच आठवड्यांत पाच किलो उतरले. "काय बाई कमाल केलीस!" असे मैत्रिणी म्हणू लागल्या आणि मी हवेत तरंगू लागले. पण पोटाची गोष्ट वेगळीच चालली होती. चार-चार, पाच-पाच दिवस काही नाही. पोट दगडासारखे, डोके जड, अभ्यासात लक्ष नाही. दुकानातून एक चूर्ण आणले. आधी रोज एक चमचा, मग दोन चमचे. त्याने कधी कळा येत, कधी नुसतेच पाणी होई, आणि पुन्हा सारे बंद. एके सकाळी कुंथता कुंथता रक्त पडले.

तीन रात्री मी झोपले नाही. मनात नाही नाही ते आले. सांगणार कोणाला? शनिवारी गावी गेले. आमचे गाव खानापूर तालुक्यात. आजी चुलीपुढे नाचणीच्या भाकरी थापत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरी, तोंड का उतरलंय तुझं?" आणि मला रडूच कोसळले. सगळे ऐकून घेतल्यावर ती एवढेच म्हणाली, "भाकरी सोडलीस आणि पोट साफ व्हायला पाहिजे म्हणतेस होय? गिरणीत दाणंच टाकलं नाहीत तर पीठ कुठनं पडणार?" पण तिने घरगुती औषधावर माझी बोळवण केली नाही. सोमवारी सकाळीच मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. कडक मलामुळे गुदद्वाराशी चीर पडली होती. ती बरी झाली, पण महिना गेला.

डॉक्टरबाईंनी जे समजावून सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते आजीच्या गिरणीपेक्षा फारसे वेगळे नाही. आपण खातो त्यातला चोथा, म्हणजे तंतू, लहान आतड्यात पचत नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो, पाणी धरून ठेवतो, मल मऊ आणि भरीव करतो. खाणे कमी झाले की चोथा कमी होतो. अन्नातून मिळणारे पाणीही कमी होते. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हालचाल करू लागते. जेवणच चिमूटभर असेल तर ही हाकही क्षीण पडते. एवढे करून शौचाची आलेली भावना रोज दाबून धरली, तर मल आत राहून आणखी सुकतो. माझ्या तक्त्याने यातली एकही गोष्ट करायची बाकी ठेवली नव्हती.

चोथ्याचे महत्त्व ही काही नवी गोष्ट नाही. युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७२ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले, की भरपूर चोथा खाणाऱ्या खेडूत आफ्रिकी लोकांचा मल वजनाने अधिक असतो आणि अन्न त्यांच्या पोटातून लवकर पुढे सरकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ माणसासाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगितली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, नाचणीत ११, आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम ३! अख्ख्या मुगात तर १७. म्हणजे ज्या भाकरीला आणि उसळीला मी शत्रू समजून ताटातून हाकलले, तीच माझी मित्रमंडळी होती.

कोणी म्हणेल, मग इसबगोल घेतले की झाले! इसबगोल वाईट नाही. तोही चोथाच, आणि बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो. पण त्याच्यासोबत भरपूर पाणी हवे. पाण्याविना घेतले तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. आणि जेवणातून चोथा काढून टाकायचा आणि तोच डब्यातून विकत आणायचा, हा कुठला व्यवहार?

चूर्णाची गोष्ट मात्र निराळी. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला डिवचते. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेणे वेगळे. परंतु वजन उतरावे म्हणून रेचक घेणाऱ्या मुली मी आमच्या वसतिगृहात पाहिल्या आहेत, आणि त्यांना मला कळकळीने सांगायचे आहे की हा निव्वळ भ्रम आहे. अन्नातले सत्त्व लहान आतड्यातच शोषले जाते आणि ही औषधे काम करतात मोठ्या आतड्यात. काट्यावर जे कमी दिसते ते पाणी असते, चरबी नव्हे. पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षारही जातात आणि त्याने हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो.

मग वजन कमी करूच नये का? अवश्य करावे. मीही करतेच आहे. आता दुपारी एक भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी आणि ताक. रात्री अर्धी भाकरी आणि आमटी. मधल्या वेळी पेरू. भात थोडा, तेल बेताचे, आणि बेळगावचा कुंदा फक्त सणाला. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून तो हळूहळू वाढवला. सकाळी चहा-नाष्टा झाल्यावर दहा मिनिटे राखून ठेवते, कारण त्या वेळी आतडे जागे असते. रोज झालेच पाहिजे असा हट्टही सोडला. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सारे निरोगी माणसाच्या बाबतीत स्वाभाविकच समजले जाते. अशा रीतीने वर्षभरात चार किलो आणखी उतरले. मैत्रिणींना यात कमाल वाटत नाही, पण मी सुखात आहे. मात्र रक्त पडणे, काळा मल, उलट्यांसह पोटदुखी, किंवा काही न करता वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर भाकरी-ताकावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

आता स्वच्छतागृहांविषयी. शेकडो मुलींसाठी मोजकी स्वच्छतागृहे, त्यांतल्या काहींना कडी नाही, आणि दुपारनंतर नळाला पाणी नाही, अशी आपल्या कॉलेजची स्थिती आहे. म्हणून आम्ही मुली सकाळपासून पाणी पीत नाही आणि आलेली भावना घरी जाईपर्यंत दाबून धरतो. दरवर्षी आरोग्य तपासणी होते, वजन-उंची लिहून घेतात, पण हे कोणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. माझे स्पष्ट मत आहे की कड्या आणि पाणी यांसाठी विद्यार्थिनी प्रतिनिधींनी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा. पहिली सही माझी राहील. वसतिगृहाच्या खानावळीत आठवड्यातून निदान चार दिवस भाकरी आणि उसळ असावी, ही दुसरी मागणी.

लाज वाटते, हे खरेच. पण गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या बद्धकोष्ठाविषयी आणि त्यावर केलेल्या मातीच्या उपचारांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. १९२४ साली ज्या बेळगावने त्यांना काँग्रेसच्या अध्यक्षपदी पाहिले, त्या बेळगावच्या मुलींनी एवढे बोलायला काय हरकत आहे? मी तीन रात्री गप्प राहिले. तुमच्यापैकी कोणी आज तशीच गप्प असेल, तर तिने आईला, आजीला, निदान खोलीतल्या मैत्रिणीला सांगावे, एवढीच विनंती करून हा लेखनप्रपंच पुरा करते.