बाप्तिस्मा एका दिवसाचा, जन्म आयुष्याचा

ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ, ज्याला आपल्या बेटावर लहानथोर सारेच 'कारेम' म्हणतात, तो बहुधा महाशिवरात्रीच्या आगेमागेच येतो. एकीकडे कावडी खांद्यावर घेऊन गंगा तलावाकडे पायी निघालेले भाविक आणि दुसरीकडे कपाळावर राख लावून चर्चमधून बाहेर पडणारे शेजारी, हे दृश्य आपल्याला नवे नाही. शेजाऱ्याचा उपवास आपण आदराने पाहतो. परंतु तो उपवास आपल्याच घरात आला, तर त्याकडे कसे पाहावे याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आता तो करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

कारण आपली मुले आता दूर दूर गेली आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेस, पॅरामाटाला लागून, हॅरिस पार्क नावाची वस्ती आहे. तेथील विग्रम स्ट्रीटवर भारतीय खाणावळी एवढ्या आहेत की लोक त्या भागाला 'लिटल इंडिया' म्हणतात. मे २०२३ मध्ये तेथे उभारावयाच्या 'लिटल इंडिया' प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचे अनावरण भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी सिडनीत केले. याच हॅरिस पार्कमध्ये लेबनॉनमधून आलेल्या मॅरोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचे मोठे चर्च आहे. रोमन कॅथॉलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, तर मॅरोनाइटांचा दोन दिवस आधी, राखेच्या सोमवारी. म्हणजे एकाच गल्लीबोळांत एकाची राख सोमवारची, दुसऱ्याची बुधवारची, आणि तिसऱ्याच्या देव्हाऱ्यात गणपती!

अशा ठिकाणी मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या ख्रिस्ती कुटुंबात सोयरीक जोडते, किंवा स्वतःच्या मनाने त्या श्रद्धेकडे ओढली जाते, यात नवल नाही. समजा, एके रात्री फोन येतो, "आई, या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेणार आहे." त्या क्षणी घरात काय होईल? कोणी रडेल, कोणी रागाने फोन ठेवील, कोणी म्हणेल, आमचे मूल गेले. रागावण्यापूर्वी वा रडण्यापूर्वी बाप्तिस्मा म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. आणि घेणाऱ्यानेही ते आपल्याला खरोखर समजले आहे काय, हे स्वतःला विचारले पाहिजे.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात शेहेचाळीस. त्यांतले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत, म्हणून उरतात चाळीस. येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. पण या काळाचे दुसरे मूळ बाप्तिस्म्यातच आहे. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती मंडळींत प्रौढ माणसे दीर्घ तयारीनंतर ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेत. शेवटचे काही आठवडे ती उपवास करीत, आणि त्यांच्यासाठी इतरही करू लागले. पुढे तान्ह्या मुलांनाच बाप्तिस्मा देण्याची रीत सर्वत्र पसरली व ही तयारी मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, कॅथॉलिक चर्चने प्रौढांसाठी ती पुन्हा सुरू केली. आता उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांसाठी खास प्रार्थना होतात. त्या वेळी तीन कथा वाचतात: विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, दृष्टी मिळालेला जन्मांध, आणि थडग्यातून बाहेर आलेला लाजरस. तहान, अंधार आणि मरण, या तिन्हींतून सुटका. मग ईस्टरच्या रात्री पाणी, पांढरे वस्त्र आणि पेटती मेणबत्ती.

या साऱ्याचा गाभा योहानाच्या शुभवर्तमानातील एका रात्रीच्या भेटीत आहे. निकदेम नावाचा एक विद्वान, वयस्कर गृहस्थ येशूकडे रात्री आला. पुन्हा जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही, हे ऐकून तो गोंधळला. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या पोटात शिरावे की काय, असे त्याने विचारले. त्यावर उत्तर आले ते पाण्याचे आणि आत्म्याचे. आपल्याकडेही मुंजीनंतर मुलाला द्विज, म्हणजे दोनदा जन्मलेला, म्हणत. परंतु मुंजीचा तो जन्म जातीवर व कुळावर ठरे, आणि मुलीच्या वाट्याला तो येत नसे. निकदेमाला सांगितलेला जन्म कुळ विचारीत नाही. तो विचारतो ते एवढेच, की जुन्यातले काय सोडायला तयार आहेस?

आता हा जन्म पाणी पडताच पुरा होतो काय? याचे उत्तर मराठी माणसाने दुसरीकडे शोधण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेथेही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नको, असा वाद त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी घातला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्टच म्हटले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अंतरीचा पालट त्यांच्या जीवनात सुमारे आठ वर्षांनी आला. एवढ्या मोठ्या विदुषीला आठ वर्षे लागली! आणि त्या पालटाची खूण काय? १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, अनाथ मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभे केले. नव्या जन्माचा दाखला चर्चच्या नोंदवहीत मिळत नाही, तो असा मिळतो.

हॅरिस पार्कच्या मातीलाही ही गोष्ट ठाऊक आहे. जेम्स रूस नावाच्या कॉर्नवॉलमधील माणसाला १७८२ साली घरफोडीबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती बदलून सात वर्षांची हद्दपारी देण्यात आली, आणि जानेवारी १७८८ मध्ये तो कैद्यांच्या पहिल्या तांड्याबरोबर सिडनीस उतरला. १७८९ च्या अखेरीस गव्हर्नर फिलिपने त्याला पॅरामाटाजवळ जमिनीचा तुकडा कसून पाहायला दिला. एक मनुष्य तेथे स्वतःच्या पोटापुरते पिकवू शकतो की नाही, हे पाहावयाचे होते. रूसने पाडलेली झाडे जाळली, राख मातीत मिसळली, ढेकळे फोडून उन्हावाऱ्याला उघडी टाकली, तण कुजू दिले, आणि पेरणीपूर्वी पुन्हा एकदा माती उलटली. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने सरकारी शिध्याची गरज उरली नसल्याचे सांगितले. पुढल्या वर्षी तीस एकर जमीन त्याच्या नावे झाली. १७९३ साली ती त्याने सर्जन जॉन हॅरिस यांना विकली, आणि त्यांच्याच नावावरून हॅरिस पार्क हे नाव पडले. ती जमीन मुळात दारुग लोकांपैकी बुरामाटागल कुळाची होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. एकाला मिळालेला नवा जन्म दुसऱ्याच्या हिरावलेल्या भूमीवर उभा असू शकतो. म्हणून पश्चात्ताप व्यक्तीला लागतो तसा समाजालाही लागतो.

आपले पूर्वज कोकणचे. पेरणीपूर्वी राब भाजून राखेत भाताचे बी टाकणारे ते लोक. रूसची रीत त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नसती. राख म्हणजे शेवट नव्हे, ती पेरणीची पूर्वतयारी. उपवासकाळाच्या आरंभी कपाळाला लावतात ती राख हेच सांगते. बाप्तिस्मा म्हणजे शेत नावावर होणे. नांगरायचे ते पुढे दरवर्षी. म्हणूनच तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले लोकही ईस्टरच्या रात्री ती वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा देतात. काही पंथ तर मोठेपणी, समजून उमजून, पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा असे मानतात. पद्धतीत मतभेद आहेत, पण मन बदलल्यावाचून नुसते पाणी पुरे, असे यांपैकी कोणीही शिकवीत नाही.

सक्तीचा बाप्तिस्मा कसा असतो, हे आपल्या बेटाने पाहिले आहे. फ्रेंच अमलात १७२३ च्या 'कोड न्वार'ने गुलामांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मालकांना केली होती. पाणी पडले, पण साखळी तुटली नाही. उलट १८४१ मध्ये पेर लावाल येथे आले ते गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांकडे. त्यांनी त्यांची क्रेओल बोली शिकून तीत उपदेश केला, आणि त्यांच्यातूनच शिकविणारे तयार केले. १८६४ मध्ये ते वारले. आज सप्टेंबरात सेंट-क्रुआला त्यांच्या समाधीवर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच जातात. ज्याने माणसाची भाषा हिरावली नाही, त्याच्यापुढे सर्वांचे डोके नमते.

घरच्यांची भीती मात्र बहुधा वेगळीच असते. मूल आपले नाव, आपली भाषा, आपले नाते टाकील, ही ती भीती. तिला उत्तर नारायण वामन टिळकांचे. ते रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मुलखातले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाला आधी पटले. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे कळते की, दोन्ही बाजूंनी केवढे सोसले गेले, आणि त्यातला केवढा त्रास निष्कारण होता. बाप्तिस्म्यानंतर नारायण नारायणच राहिले आणि लक्ष्मी लक्ष्मीच. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत गायिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. त्यांच्याही आधी तीनशे वर्षे, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले होते. ख्रिस्ती होणे म्हणजे मराठीपण सोडणे, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

तेव्हा आमचे सांगणे तिघांना आहे.

पहिले, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याला. केवळ लग्नासाठी तो घेऊ नका. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यास कॅथॉलिक चर्च बिशपांच्या परवानगीने संमती देते, आणि ऑस्ट्रेलियाचा विवाह कायदा तर कोणाचाही धर्म विचारीत नाही. लग्नापुरता घेतलेला बाप्तिस्मा हा सासरकडच्यांची फसवणूक, स्वतःची फसवणूक आणि देवाचीही. श्रद्धेने घ्यायचा असेल तर घ्या. मात्र आईवडिलांना आधी सांगा, मागाहून छायाचित्र पाठवू नका. नाव बदलण्याची सक्ती नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि चाळीस दिवस मांस सोडले पण आईला फोन केला नाही, तर तो उपवास कसला?

दुसरे, सोयऱ्यांना आणि चर्चमधील मंडळींना. येणाऱ्याला घाई करू नका. त्याच्या आईच्या देव्हाऱ्याची थट्टा करू नका. ज्या मातेने मुलाला हात जोडायला शिकविले, तिचे ऋण त्याच्या प्रार्थनेवर कायमचे आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, येथे बेटावर बसलेल्या आईबापांना. जुन्या काळी आपल्या समाजात धर्मांतर केलेल्याच्या नावाने जिवंतपणी घटस्फोट करून त्याला मेलेला मानीत. तो क्रूरपणा पुन्हा करू नका. प्रश्न जरूर विचारा, मतभेद स्पष्ट सांगा, दुःख झाले तर लपवू नका. पण दार लावू नका. आपले मूल खरोखर नव्याने जन्मले की नाही, हे कळायला वर्षे लागतील. ते अधिक सोशिक झाले, दारू-जुगार सुटला, बायकोशी नीट बोलू लागले, आजाऱ्याच्या उशाशी बसू लागले, तर समजा की पेरलेले उगवले. आणि ते उगवलेले पाहायचे असेल, तर जाणे-येणे, बोलणे-चालणे चालू असलेच पाहिजे.

ईस्टरच्या रात्री चर्चच्या शेवटच्या बाकावर शांत बसलेली साडीतली आई, ही आपल्या श्रद्धेशी प्रतारणा नव्हे. पहिल्या जन्माच्या वेळी ती होतीच. दुसऱ्याच्या वेळी तिने दूर का राहावे?