जागा बदलून बघा



बोंडअळीने कपाशी खाल्ली की पंचनामा होतो. माणूस आतून पोखरला जातो, त्याचा पंचनामा कोणी करत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू शिवारात आम्ही हेच पाहिले. कर्ता माणूस गप्प होतो, घरच्यांवर चिडतो, पारावर यायचे सोडतो.

व्हिएन्नात शिकलेले डॉक्टर जेकब मोरेनो (१८८९-१९७४) यांनी अशा कोंडलेल्या मनावर नाटकाचा उपाय काढला. दुःख नुसते सांगायचे नाही, दहा जणांसमोर करून दाखवायचे. रिकाम्या खुर्चीत सावकार बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलायचे. मग जागा बदलायची. नवरा बायको होतो, बाप मुलगा होतो, आणि आपलेच बोलणे समोरून ऐकतो. शेवटी बघणाऱ्यांनी उपदेश करायचा नाही; स्वतःवर काय गुदरले तेवढेच सांगायचे.

हे परदेशी खूळ वाटेल. पण वही आणि तमाशा रात्र रात्र बघणाऱ्या खान्देशाला सोंग घेणे कोणी शिकवायला नको. जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच ‘तृतीय रत्न’ लिहून जोशाकडून नाडले जाणारे शेतकरी जोडपे नाटकात आणले. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६ पासून व्यसनात अडकलेली माणसे एकमेकांपुढे मन मोकळे करत आली आहेत.

कोणी म्हणेल, आधी भाव द्या, नाटके कसली? बरोबर आहे. खर्चही न निघणारा भाव हे दुखण्याचे मूळ आहे. भावाच्या बदली समुपदेशक पाठवला, तर ते आम्हाला मान्य नाही. पण भावाची लढाई लांबची आहे, आणि ती लढायला माणूस जिवंत पाहिजे.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत ठराव संपल्यावर अर्धा तास काढा. एकाने बँकेचा साहेब व्हावे, एकाने कर्जदार. मग जागा बदलावी. कर्जाचे पुनर्गठन मागायला तोंड कसे उघडायचे, याची तालीमच होईल. त्यानंतर कारभारणीने बोलावे, कारभाऱ्याने ऐकावे.

मात्र मरणाची भाषा करणाऱ्याला सोंगात उभे करू नका. ते जाणत्या डॉक्टरचे काम आहे. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, जिल्हा रुग्णालयात न्या. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येते.

आणि बैठकीला येताना, जो पारावर येईनासा झाला आहे, त्याला सोबत घेऊन या.